विसाच्या वर एकही नाही

"हात पसर."

शाळेतला माझा पहिला दिवस होता. नेमणुकीचा कागद अजून पर्समध्येच होता, आणि रसायनशास्त्राच्या ज्येष्ठ शिक्षिका मला ओळखदेख विचारायच्या आधी प्रयोगशाळेच्या मधोमध उभी करून हात पसरायला सांगत होत्या. मी पसरले. "आता घुंव," त्या म्हणाल्या. मी स्वतःभोवती फिरले. उजवा हात नळाला लागला, डावा बर्नरच्या रबरी नळीला.

"लागलो मगो? तुका एकटेक इतकी जागा जाय. ह्या खोलीत अशीं वीस जाणां मावतात. एकविसावें भितर आयलें काय खंयच्या तरी दोगांचे हात एकमेकांक लागतात. हातांत कितें आसतलें तें सांगूंक येना."

ही रत्नप्रभा टीचरांशी झालेली माझी ओळख. पोरं त्यांना रत्ना टीचर म्हणत. त्या पार्स्याच्या, मी शेजारच्या मांद्रेची. हे कळल्यावर त्या जराशा हसल्या आणि "आमच्याच वाटारातली गो तूं," म्हणाल्या. पण ते नंतर, खोलीचं दार लावून बाहेर आल्यावर. खोलीत त्या हसत नसत.

आमची शाळा डिचोली तालुक्यात, सुर्ल्याच्या वाटेवर. खनिजाचे ट्रक शाळेच्या कुंपणाला घासून जायचे आणि लाल धूळ सगळ्यांच्या पायांबरोबर आत यायची. म्हणून आमच्याकडे एक रिवाज होता: चपला व्हरांड्यात काढायच्या आणि अनवाणी वर्गात जायचं. शिपाई धाकूमामा दिवसातून दोनदा लादी पुसायचे. पाहुणे आले की प्रिन्सिपल सर आधी ती लादी दाखवायचे आणि मग निकाल. मुलांनाही त्यात वावगं काही वाटत नसे. विद्येच्या जागी चपला घालून जाऊ नये हे घरात शिकलेलंच होतं.

एकट्या रत्ना टीचर हा रिवाज मोडायच्या. प्रयोगाच्या तासाला मुलांनी बूट घालूनच आत यायचं, पायाची बोटं दिसली तर परत पाठवणार. ज्यांच्याकडे बूट नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांकडून कॅनव्हासचे बूट मागून आणून एक पोतं भरून ठेवलं होतं. मापं कुणाला नीट बसायची नाहीत. एका पायाला सात नंबर आणि दुसऱ्या पायाला आठ घालून मुलं खदाखदा हसत आत यायची आणि उंबरठा ओलांडला की गप्प व्हायची.

धाकूमामांचा आणि त्यांचा यावरून रोजचा खटका. सरस्वतीपूजनाच्या दिवशी तर पेटलंच. प्रयोगशाळेत पाट मांडला होता, तराजूला आणि काचेच्या नळ्यांना फुलं वाहिली होती, आणि रत्ना टीचर स्वतः अनवाणी बसून आरती म्हणत होत्या. धाकूमामांनी नेमकं गाठलं. "पळयलें? आयज तुमीय काडल्यो न्ही चपल्यो?"

"देवीच्या पांयां पडटना काडपाच्यो धाकू. ॲसिड हातांत घेतना घालपाच्यो. देवी रागार जायना, ॲसिड जाता."

त्यांच्या सवयी एकेक सांगायच्या तर दिवस जाईल. फळ्यावरचं सगळं मुलं यायच्या आधी लिहून ठेवायच्या, कारण एकदा बर्नर पेटले की त्या वर्गाकडे पाठ करत नसत. मधेच काही लिहावं लागलं तर खडू धरलेला हात मागे नेऊन, मान वर्गाकडे ठेवून, आंधळ्यासारखं लिहायच्या. ते अक्षर कोंबडीनं चालावं तसं दिसे, पण कोणी हसत नसे. तासाआधी दारात दोन बाल्द्या काठोकाठ भरलेल्या लागत. "आदीं पाणी, मागीर हेर सगळें," हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकलं असेल आणि दहाही वेळा मनातल्या मनात कपाळाला हात लावला असेल. मुली अबोलीचे गजरे माळून आल्या की गजरे व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगायला लावायच्या, वेण्या बांधायला लावायच्या. तास सुटला की त्याच गजऱ्यांची वाटणी करताना मात्र "हो कोणाचो? बरो ताजो आसा गो," असं विचारत रेंगाळायच्या.

एकदा खात्याचे कोणी साहेब तपासणीला आले. प्रिन्सिपल सर त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आले, मागोमाग चहा आणि बिस्किटांचा ट्रे. साहेबांनी बिस्कीट उचललंही होतं. रत्ना टीचरांनी ते त्यांच्या हातातून, हो, हातातून घेतलं, ट्रेमध्ये ठेवलं, ट्रे उचलला आणि बाहेर कठड्यावर नेऊन ठेवला. "हांगा खावंक मेळना, साहेब. ह्या मेजार सकाळीं कितें सांडलां तें तुमकां खबर ना." साहेब हसले. प्रिन्सिपल सर हसले नाहीत. त्या दिवसापासून सरांनी त्यांचं नाव घेताना "आमच्या नियमवाल्या" असं म्हणायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर मलाही त्या अतीच वाटायच्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, कंत्राटावर होते, आणि दरवर्षी मे महिन्यात ऑफिसात खेपा घालायचे की पुढच्या वर्षी ठेवतात का नाही. बूट, बाल्द्या आणि वीस मुलं यापेक्षा मोठ्या काळज्या मला होत्या.

मग एका वर्षी जवळच्या एका शाळेतला विज्ञान विभाग बंद पडला आणि तिथली मुलं आमच्याकडे आली. अकरावीत सत्तावन्न जण झाले. प्रिन्सिपल सरांनी वेळापत्रकात प्रयोगाच्या दोन तुकड्या दाखवल्या, एक अठ्ठावीसची आणि एक एकोणतीसची. रत्ना टीचरांनी वेळापत्रक परत केलं.

"तीन तुकड्यो जाय."

"पिरियड खंय आसात, टीचर? आठ-णव भुरगीं चड जालीं जाल्यार कितें जातलें?"

"तेंच माका पळोवपाचें ना."

सरांनी तिसरी तुकडी दिली नाही. टीचरांनी विसाच्या वर एकही मूल आत घेतलं नाही. त्या स्वतःच्या रिकाम्या तासांना आणि शनिवारी शाळा सुटल्यावर उरलेल्यांना बोलवायच्या, पण शनिवारी अर्ध्या मुलांची बस चुकायची. डिसेंबर आला तेव्हा काहींचे नऊ प्रयोग झाले होते आणि काहींचे चार. सरांनी त्यांना मेमो दिला. त्यांनी लेखी उत्तर दिलं आणि उत्तरात खोलीचं माप, नळ किती, टेबलं किती, एवढंच लिहिलं. दुसरा मेमो आला.

मुलांचे आईवडील यायला लागले. या वेळी टीचरांना खरंच त्रास झाला, कारण ती माणसं खोटं बोलत नव्हती. अंकिता राऊळ नावाची एक हुशार मुलगी होती, चार प्रयोगवाल्यांतली. तिचे वडील दोडामार्गचे, खाणीवर ट्रक चालवायचे. कामावरून तसेच आले होते, भुवयांपर्यंत लाल. "टीचर, माझ्या चेडवाचे प्रयोग कधी होतले? परीक्षा तोंडार इली. सगळे शाळेवाले भरून घेतत, तुमीच कित्याक आडवतात?"

"राऊळ, ट्रकांत मापापरस चड भरलें जाल्यार कितें जाता?"

"उतारार ब्रेक लागणत नाय."

"म्हजेय लागचे नात."

राऊळांनी भुवयांवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "ता बरोबर. पण चेडवाचा वरस गेला तर ता कोण भरून देतला?" ते गेल्यावर टीचर खूप वेळ खिडकीशी उभ्या होत्या. मी चहाचं विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हांव चुकतां काय गो?" मी म्हणाले, नाही टीचर. मनात मात्र मला राऊळांचं पटलं होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी त्यांना दुसऱ्या मेमोच्या सुनावणीसाठी ऑफिसात बोलावलं. संस्थेची माणसं येणार होती, म्हणून धाकूमामांनी सकाळपासून शाळा धुवायला काढली होती. अकराच्या सुमारास प्रिन्सिपल सर माझ्याकडे आले. आवाजात मध होता. "टीचर भितर बसल्यात. तूं दोनूय तुकड्यांक एकठांय घे. जीं फाटीं उरल्यांत तीं सगळीं. एका दिसांत दोन प्रयोग जातले. तूं नव्या दमाची." आणि जाता जाता, "मे म्हयन्यांत तुज्या कागदाचें पळोवया."

मी हो म्हटलं. त्यांनी मला धमकावलं नव्हतं, हात धरून आत ढकललं नव्हतं. मी हो म्हटलं.

अडतीस मुलं आत आली. लादी नुकतीच पुसलेली, ओली होती, धाकूमामा दारात उभे राहून एकेकाला चपला काढायला लावत होते आणि मला त्या गडबडीत बुटांचं पोतं उघडायचं सुचलं नाही. रिंग टेस्ट होती. तिला तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागतं. रत्ना टीचर ते स्वतःच्या टेबलाबाहेर जाऊ देत नसत. एकेक मूल परीक्षानळी घेऊन त्यांच्याकडे यायचं आणि त्या ड्रॉपरनं नळीच्या कडेनं सोडायच्या. वीस मुलांना ते जमतं. अडतीस मुलांना एकेक करत बसले असते तर तास संपला असता. मी चार बाटल्या चार टेबलांवर ठेवल्या.

पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत चाललं आणि मला वाटलंसुद्धा, बघा, होतं की. मग तिसऱ्या टेबलाशी एका मुलाला मागून वाट हवी होती म्हणून दुसरा सरकला, त्याचं कोपर बाटलीला लागलं, बाटली काठावरून खाली आली आणि फुटली. काच फुटल्याचा आवाज आणि अंकिताची किंकाळी यांच्यात काही अंतरच नव्हतं. तिच्या उजव्या पायावर, घोट्यापासून बोटांपर्यंत.

मी बाल्द्यांकडे धावले. बाल्द्या रिकाम्या होत्या. त्यातलं पाणी लादीला गेलं होतं. नळ सोडला तर करंगळीएवढी धार, तीही थांबत थांबत. टाकी लादी धुऊन संपली होती. मग मी काय केलं ते इथं स्पष्ट लिहिते. मी अंकिताचा हात धरून नुसती उभी राहिले.

रत्ना टीचर ऑफिसातून कधी आल्या ते मला दिसलं नाही. मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी खालचा. "काचेर पांय दिवं नाका. दारांतल्यान एकेक भायर. बांयचेर वचा, रांग करा." त्यांनी अंकिताला उचललं, पन्नाशी उलटून गेलेल्या बाईनं, आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं. तिथल्या पिण्याच्या पिंपातलं पाणी तांब्यानं तिच्या पायावर सोडायला लागल्या. तोवर मुलांनी मागच्या विहिरीपासून पायरीपर्यंत रांग धरली होती आणि बाल्द्या हातोहात येत होत्या. अनवाणीच होती सगळी. टीचरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

आता खरी परीक्षा सुरू झाली. पोर जिवाच्या आकांतानं ओरडत होती. प्रिन्सिपल सर गाडी घेऊन आले, दार उघडून उभे राहिले. "टीचर, गाडयेंत हाडात तिका! हॉस्पिटलांत व्हरूंया!" टीचर पाणी ओतत राहिल्या. कोणी खाण्याचा सोडा आणला, कोणी मलमाची ट्यूब. त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. "पाणी. हेर कांय ना."

"टीचर, तुमी पिशें जाल्यात? चली मरत आसा!" सर ओरडले.

"वीस मिणटां. अजून अकरा."

ती अकरा मिनिटं मी माझ्या आयुष्यात कधी विसरणार नाही. संस्थेची माणसं व्हरांड्यात गोळा झाली होती, एक जण मोठ्यानं म्हणाला, हिला धरा रे कोणीतरी. कोणी धरलं नाही. राऊळांना निरोप गेला होता, ते ट्रक रस्त्यावर तसाच सोडून धावत आले, मुलीकडे झेपावले, आणि टीचरांनी त्यांच्याकडे नुसतं वर पाहिलं. "राऊळ, तुमी ओता. हळू. थांबूं नाका." त्यांनी तांब्या त्यांच्या हातात दिला. बापाच्या हातानं शेवटची सहा मिनिटं पाणी पडलं. विसावं मिनिट झालं तेव्हा टीचर उठल्या आणि मगच गाडीचं दार बंद झालं.

दोन बोटांवरची कातडी गेली, पुढे दुसरीकडची लावावी लागली. पण पाय राहिला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाणी किती वेळ घातलं हा.

चौकशी झाली. प्रयोगशाळा कागदावर रत्ना टीचरांच्या ताब्यात होती, म्हणून नोटीस त्यांच्या नावानं निघाली. वर्ग कोणी घेतला, कोणाच्या सांगण्यावरून घेतला, हे त्यात नव्हतं. मी त्या दुपारी स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर रडले आणि म्हणाले की मी सगळं लिहून देते.

"तूं कंत्राटार आसा. तुका फाल्यांच घरा धाडटलीं. माका धाडूंक तांकां खूब वेळ लागतलो." मग त्यांनी नोटीस वाचायला घेतली. "हांव सय करतां. पूण फुकट ना."

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. दुर्लक्ष झाल्याचं मान्य करून त्यांनी सही केली आणि बदल्यात संस्थेकडून एका ओळीचा ठराव घेतला: प्रयोगाच्या तुकडीत वीसच मुलं, त्यासाठी लागतील तेवढे तास वेळापत्रकात. तेहतीस वर्षांच्या नोकरीवर डाग घेऊन त्यांनी तो कागद मिळवला. अंकितासकट सगळ्यांचे प्रयोग फेब्रुवारीत पूर्ण झाले. आणि प्रयोगशाळेचा ताबा त्यांच्याकडून काढून मला देण्यात आला. मला! मे महिन्यात माझा कायम नोकरीचा कागदही झाला. शेवटची दोन वर्षं त्या फक्त फळ्यावर शिकवत होत्या. मी गप्प राहिले, आणि त्यांनीच सांगितलं होतं असं म्हणून स्वतःची समजूत घालत राहिले. कुणी सांगितलं म्हणून गप्प राहणं सोपं असतं, मी ते फार सोपं करून घेतलं.

त्या निवृत्त होऊन पार्स्याला गेल्या. यंदा आमच्याकडे एकोणसत्तर मुलं आली. प्रिन्सिपल सर म्हणाले, तीन तुकड्या आहेतच, तेवीस-तेवीसच्या करू, तीनच तर जास्त. मी मान डोलावली.

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून घरी जायला निघाले तर स्टँडवर पार्स्याच्या बसमध्ये खिडकीशी रत्ना टीचर. मांडीवर मिरचीच्या रोपांची पिशवी. केस पांढरे झालेले, बाकी त्याच. मी खिडकीखाली गेले. मुलंबाळं, आई, मांद्रेच्या घरातल्या भाड्याच्या खोल्यांना गिऱ्हाईक आहे का, सगळं विचारून झालं.

"तुकडेंत कितलीं?"

"वीस," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नांवां सांग पळोवया."

मी हसायचा प्रयत्न केला. त्या थांबून राहिल्या. मग मी सांगायला लागले, मंगळवारच्या तुकडीची, बसायच्या क्रमानं. आरती, मयूर, साईश, दोघी दीक्षा, पहिलं टेबल, दुसरं टेबल. विसावं नाव झालं आणि मी थांबले. तोंड मिटून घेतलं तरी पुढची नावं माझ्या तोंडावर दिसत असावीत.

"फुडें?"

"ओंकार," मी म्हणाले. "सानिका. यश."

"खंय रावयल्यांत?"

"दाराकडे. स्टूल दिलां."

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीची सळई धरून बोलून टाकलं, की टीचर, त्या दिवशी आत मी होते हे मी आता लिहून देते, तुमच्या नावावरचा डाग पुसते, सोमवारीच देते.

"म्हजें सोड गो," त्या वैतागून म्हणाल्या. "म्हजें जावन गेलें. त्या तिगांचें कितें करतलें तें सांग."

सोमवारी मी दोन्ही कागद दिले, एक माझ्याबद्दलचा आणि एक त्या तिघांबद्दलचा. त्यांचं काय व्हायचं ते होईल, उद्या मला ऑफिसात बोलावलं आहे. पण शुक्रवारी मी सळई सोडायच्या आत बस हलली. टीचरांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तीन बोटं दाखवली. बसनं वळण घेतलं, समोरून दुसरी बस येत होती, कंडक्टर ओरडला, "ओ बाये, हात भितर घे!" जन्मभर दुसऱ्यांना हात आत घ्यायला लावणारी ती बाई, पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिची तीन बोटं बाहेरच होती.